जुळी पोकळी

टोळीचा मुकादम आदेलारने मनाई केली त्याला आज नववा दिवस. नऊ दिवस झेनाइदे जेवणाचा डबा घेऊन बोगद्याच्या तोंडापर्यंत यायची, डबा टोळीतल्या क्लाउदिरच्या हातात द्यायची आणि मुकाट्याने परत फिरायची. कारण काय, तर आत एक पोकळ दगड सापडला होता, माणूस ताठ उभा राहील एवढा, आणि तो बाहेर निघेपर्यंत बाईमाणसाने आत पाऊल टाकायचं नाही. बाईची नजर पडली की जांभळे स्फटिक फिके पडतात म्हणे! उन्हात ठेवले तर पडतात, हे कुणीही मान्य करेल. खिडकीत मांडलेल्या तुकड्याची काही वर्षांत पार रया जाते. पण बाईच्या नजरेने? दोन वर्षं झेनाइदे रोज आत जात होती, तेव्हा एकाही दगडाचा रंग उडाला नव्हता. मोठा दगड दिसला आणि सगळ्यांना आपापले आजोबा आठवले.

मनाईचा तिला राग होताच, पण त्याहून जास्त भीती होती. आत बाबा तिच्याशिवाय होते.

वालमोर, तिचा बाप, ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदेच्या या डोंगराळ भागातला सगळ्यात नावाजलेला ठोक्या. ठोक्या म्हणजे हातोडीने भिंत ठोकून काळ्या फत्तराच्या आत पोकळी कुठे आहे ते सांगणारा माणूस. टोळीतले बाकीचे भोकं पाडतात, फोडतात, दगड ओढून काढतात. पण कुठे पाडायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठोक्या सांगतो. चूक झाली तर लाखात एक असा दगड चुरा होऊन पाट्यांतून बाहेर येतो. आणि या नावाजलेल्या ठोक्याला गेली दोन वर्षं काहीही ऐकू येत नव्हतं.

चाळीस वर्षं ड्रिल मशीनला चिकटून काढली, कान गेले, यात नवल ते काय! पण बहिऱ्याला बोगद्यात थारा नाही. छत कोसळण्याआधी बोलतं. बारीक कडकड होते, कुणीतरी वाळकी काटकी मोडल्यासारखी, आणि पळायला जेमतेम दहा पावलांचा वेळ मिळतो. ज्याला ती ऐकू येत नाही तो स्वतः मरतो आणि त्याला ओढायला गेलेल्यालाही घेऊन मरतो. म्हणून कान गेला की बाहेर, हा इथला नियम. वालमोरने स्वतः तो तीन जणांना लावला होता. आपल्यावर वेळ आली तेव्हा मात्र त्याने फक्त पोरीला सांगितलं. समोरासमोरचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा.

"बाहेर बसून मी काय करू गं? तुझ्या आईच्या कोंबड्या राखू?" असं म्हणाला होता, आणि म्हणताना त्याचा चेहरा असा झाला होता की झेनाइदेला नाही म्हणवलं नाही.

तेव्हापासून त्याची सामानाची पिशवी धरायच्या निमित्ताने ती त्याच्या मागे उभी राहायची. तो भिंत ठोकायचा, ती ऐकायची. पोकळ वाजलं की त्याच्या खांद्यावर एकदा बोट दाबायची, भरीव वाजलं की दोनदा. वालमोर मान हलवायचा, खडूने खूण करायचा, आणि टोळी म्हणायची, काय कान आहे म्हाताऱ्याचा! झेनाइदे पिशवी धरून उभी.

कान तिचा लहानपणीच तयार केला होता त्याने. सहा वर्षांची असताना चुलीवर पोलेंटा रटरटत होती, तेव्हा पळी हातात देऊन म्हणाला होता, "बघ, मक्याचं पीठ कसं बुडबुडे काढतं. हा सगळा डोंगर असाच होता. वितळलेला, उकळता. बुडबुडे वर यायला निघाले, पण वरून थंड होत आलं आणि ते आतच अडकले. डोंगर गोठला, बुडबुडा राहिला. मग पावसाचं पाणी केसाएवढ्या फटींतून झिरपत झिरपत त्या पोकळीत गेलं. पाण्यात दगडाचाच अंश विरघळलेला. ते भिंतीवर चढत गेलं, थरावर थर, कणावर कण. आपल्या पणज्याचा पणजा जन्मायच्या कितीतरी आधीपासून. त्याचे झाले स्फटिक." झेनाइदेने विचारलं होतं, "कुणी बघत नसताना?" "कुणीच बघत नसताना," वालमोर म्हणाला होता, "आणि घाई न करता."

आज बोगद्याच्या तोंडाशी डबा घ्यायला कुणी आलं नव्हतं. झेनाइदेने हाक मारली. उत्तर नाही. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरुंगाच्या दारूचा डबा नेहमीच्या जागी नव्हता.  दारू आत गेली म्हणजे ओळ आखून झाली; दगडाभोवती भोकं पाडून, त्यात बेताची दारू ठासून, आजूबाजूचा फत्तर सुटा करायचा दिवस आजच होता. बाबा तर परवा म्हणाले होते, अजून चार दिवस लागतील! मग ओळ आखली कुणाच्या कानाने?

 तिने जेवणाचा डबा कट्ट्यावर ठेवला, भिंतीला टांगलेलं कुणाचं तरी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि आत निघाली. मनाई गेली खड्ड्यात.

बोगदा दीडशे पावलं सरळ जातो आणि मग डावीकडे वळतो. वळणावर बल्बांच्या उजेडात सगळे दिसले. आदेलार दारूच्या डब्याशी उकिडवा बसला होता. क्लाउदिर ड्रिलचं पातं बदलत होता. वालमोर भिंतीकडे तोंड करून खडूची ओळ पुन्हा गडद करत होता. मागच्या आठवड्यात पाडलेलं अंगठ्याएवढं भोक दगडाच्या पोटात दिसत होतं. त्यातून तारेला बांधलेला दिवा आत सोडून सगळ्यांनी जांभळा रंग बघितला होता. तिने सोडून सगळ्यांनी. भोवतीच्या आखलेल्या ओळीवर सात भोकं पाडून झाली होती. पाचांत दारू भरलेली.

"आली का बाई!" क्लाउदिर ओरडला. "झालं! आता निघणार काचेच्या गोट्या!"

"झेना, बाहेर हो," आदेलार उठत म्हणाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातावर धरलं होतं, तो तिचा पाद्रिन्यो, धर्मबाप. वालमोरला तो कोंपाद्रे म्हणायचा, आणि या नात्याला इथे रक्ताहून कमी कुणी मानत नाही. "तुला काय सांगितलं होतं मी?"

"जाते. एक मिनिट."

पडलेली हातोडी उचलून तिने भिंत ठोकली. मोठ्या दगडावर नाही, त्याच्या उजव्या अंगाला, जिथे क्लाउदिर आठवं भोक पाडणार होता तिथे. एकदा. मग हातभर पलीकडे. मग पुन्हा तिथेच.

भरीव फत्तर टणटणीत वाजतो. रिकामी पोकळी ढबढब वाजते. हे दोन्हीतलं नव्हतं. हा आवाज दबका होता, भरल्या माठावर टिचकी मारावी तसा. पलीकडे हातभर गेलं की पुन्हा टणटणीत.  तिथे दुसरी पोकळी होती, पहिलीला खेटून, आणि ती पाण्याने गच्च भरलेली होती.

बाबांना ती का कळली नाही हे तिला तत्क्षणी कळलं. ते तळहाताने ऐकत होते. रिकामी पोकळी ठोकली की भिंत शहारते, हाताला मुंग्या येतात. बहिऱ्या माणसाला एवढा आधार पुरतो. पण भरला माठ शहारत नाही. हाताने सांगितलं, इथे भरीव आहे, आणि त्यांनी ओळ थेट दुसऱ्या पोकळीच्या मधोमध ओढली. आठव्या भोकात दारू पेटली की दोन्ही दगडांचा चुरा.

बोललं तर बाबा उघडे पडणार. आजच्या आज बोगद्याबाहेर. नाही बोललं तर दगड जाणार, आणि सगळा डोंगर म्हणणार, वालमोरने फोडला. ती हातोडी धरून उभी राहिली आणि तिला दोन्हींचा इतका राग आला, दगडाचा आणि बापाचा, की डोळ्यांत पाणीच आलं.

"आठवं भोक इथे पाडायचं नाही," ती म्हणाली.

क्लाउदिर हसला. "अगं बाई! म्हणजे आता ओळ तू आखणार?"

"इथे दुसरी पोकळी आहे. जुळी आहे. पाण्याने भरलीय."

"तुझ्या बापाने ठोकलंय तिथे. मी समोर होतो. दहादा ठोकलं."

"मग अकराव्यांदा मी ठोकलं."

"आदेलार, हिला बाहेर काढ बुवा. बापाला शिकवते! उद्या मला मशीन धरायला शिकवेल."

"शिकवेन. वाकडी धरतोस." ती भिंतीला पाठ लावून बरोब्बर खडूच्या खुणेवर उभी राहिली. "पाड आता. माझ्यातून पाड."

क्लाउदिरने मशीन खाली ठेवलं. आदेलार कपाळाला आठ्या घालून जवळ आला. "पोरी, हट्ट करू नकोस. जुळी पोकळी मी तीस वर्षांत दोनदा बघितलीय."

"पोलेंटा कितीदा शिजवलीत, पाद्रिन्यो?"

"काय?"

"शिजवली असती तर कळलं असतं. दोन बुडबुडे शेजारी आले की एकमेकांना चिकटतात. कधी एक होतात, कधी मध्ये पडदा राहतो आणि तसेच गोठतात. आयत्या ताटावर बसून तुम्हा लोकांना कसं दिसणार ते?" तिचा आवाज चढला. "तुम्ही म्हणाल ते खरं असेल, दुर्मीळ असेल. पण या भिंतीमागे आहे. मी ऐकलंय."

 आदेलारची नजर तिच्यावरून वालमोरकडे गेली. वालमोर अजून भिंतीकडे तोंड करून डावीकडच्या टोकाला खडू घासत होता. एवढा तमाशा पाठीमागे चालू होता, पोरगी ओरडत होती, आणि त्याने मान वळवली नव्हती. झेनाइदेच्या हे लक्षात आलं, आणि त्याच क्षणी आदेलारच्याही आलेलं तिला दिसलं.

"कोंपाद्रे," आदेलार म्हणाला. "तुझी पोर काय म्हणते?"

खडू घासत राहिला.

मशीन बंद होतं. कॉम्प्रेसर बंद होता. छतावरून पाण्याचा थेंब पडत होता तोसुद्धा ऐकू येत होता. आदेलारने घसा खाकरला आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, "वालमोर, तुझ्या मानेवर विंचू चढलाय."

वालमोर ओळीचं टोक नीट करत होता. खडू तुटला, त्याने वाकून तुकडा उचलला, फुंकर मारली आणि पुन्हा लावला.

"अरे देवा," क्लाउदिर पुटपुटला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"किती दिवस?" आदेलारने झेनाइदेला विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं. सर्दी झालीय, कानात मळ आहे, काहीही. पण भिंतीला टेकलेली पाठ तिने काढली नाही. "दोन वर्षं."

"दोन वर्षं! आणि तू..."

"मी मागे उभी राहून ऐकायचे आणि खांद्यावर बोट दाबायचे. दोन वर्षांत इथून निघालेला प्रत्येक दगड मी ऐकलाय. गेल्या नाताळात तुम्ही ज्याच्यासाठी बकरं कापलंत तो पण. हे नऊ दिवस मला बाहेर ठेवलंत म्हणून ही ओळ चुकलीय. बाबांनी चुकवली नाही, तुम्ही चुकवलीत."

आदेलारचा हात उठला. त्याने तो तसाच स्वतःच्या डोक्यावर आपटला. "छत बोललं असतं म्हणजे? हं? मी त्याला आत ओढायला गेलो असतो ना? माझी चार लेकरं घरी! आणि तू पाठीमागे उभी! धर्मबाप म्हणतेस मला आणि दोन वर्षं माझ्याच डोळ्यांत धूळ?"

 ते खरंच होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्याची काय शिक्षा करायची ती करा. पण आधी चाचणीचं भोक पाडा. इथे नाही, खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिरकं. बारीक पात्याने. दीड वीत आत गेलं की मशीन सुटेल. नाही सुटलं तर मी पुन्हा या डोंगरावर दिसणार नाही."

वालमोरने आता मागे वळून पाहिलं. पोरगी भिंतीला पाठ लावून, आदेलार लालबुंद, क्लाउदिर खाली बघतोय. त्याने तिघांचे चेहरे बघितले. आणखी काही सांगायला लागलं नाही. त्याच्या हातातला खडू खाली पडला.

क्लाउदिरने पातं बदललं. पाणी मारून मशीन सुरू झालं. झेनाइदे कानांवर हात न ठेवता बाजूला उभी होती. एक वीत गेली. फत्तराचा काळा गाळ वाहत होता. मग गाळ हिरवट झाला. पोकळीभोवती नेहमी हिरवट साल असते. क्लाउदिरने तिच्याकडे चमकून बघितलं आणि दाब हलका केला. आणखी चार बोटं. आणि मशीनने एकदम पुढे झेप घेतली, जणू समोर काही उरलंच नाही.

पातं बाहेर ओढलं तशी पाण्याची धार सुटली. गार, स्वच्छ, करंगळीएवढी जाड. ती क्लाउदिरच्या बुटांवर पडत राहिली आणि तो हलला नाही. कुणालाच मोजायचं सुचलं नाही, पण अर्ध्या तासाच्या वर ती वाहत होती. एवढं पाणी पोटात घेऊन तो दगड किती काळ बसला होता देव जाणे.

धार आटल्यावर आदेलारने तारेला बांधलेला दिवा आत सरकवला, जमिनीवर गाल टेकवून एक डोळा भोकाला लावला आणि तसाच पडून राहिला.

"बोल ना!" क्लाउदिर म्हणाला.

"पहिल्याहून गडद आहे," आदेलार म्हणाला. "आणि दोघांच्या मध्ये गळा आहे. स्फटिकांनी पार बुजलाय. एकच दगड आहे रे हा. दोन पोटांचा." तो उठला, गालाचा चिखल पुसला आणि दिव्याची तार झेनाइदेच्या हातात दिली. "बघ. आणि फिका पडला तर तुझ्याकडून भरून घेईन."

तिने बघितलं. रंगाचं काय सांगायचं! पिकल्या जांभळाला उजेड फुटावा तसं आत सगळं लखलखत होतं. पण ती फार वेळ बघत बसली नाही. भरलेल्या पाच भोकांतली दारू पाणी घालून निकामी करायची होती, आणि नवी ओळ आखायची होती, दोन्ही पोटांना बाहेरून वळसा घालून.

"ओळ कोण आखणार?" क्लाउदिरने विचारलं. विचारताना तो आदेलारकडे बघत नव्हता.

झेनाइदेने जमिनीवरचा खडू उचलला.

ती ठोकत होती, ऐकत होती, खूण करत होती, तेव्हा पाठीमागे आदेलार वालमोरच्या समोर जाऊन उभा राहिला. दिवा स्वतःच्या तोंडाशी धरला, ओठ नीट दिसावेत म्हणून, आणि एकेक शब्द तोडून म्हणाला, "कोंपाद्रे. उद्यापासून नाही." आवाज त्याचा फाटला, पण तो वालमोरला कुठे कळणार होता! वालमोरने मान डोलावली. तिघांना लावलेला नियम आता चौथ्याला. तो एकटाच भिंतीला हात लावत वळणाकडे चालू लागला. झेनाइदेने त्याला जाताना पाहिलं. धावत जाऊन धरावं असं तिला इतकं वाटलं की खडू बोटांत चुरला. पण ओळ अर्धी होती. अर्धी ओळ सोडून ठोक्या जात नाही. तिने नवा तुकडा घेतला आणि पुन्हा हातोडी मारली.

ती बाहेर आली तेव्हा ऊन कललं होतं. वालमोर बोगद्यातून काढलेल्या दगडमातीच्या ढिगावर बसला होता. डब्यातलं थोडं खाल्लेलं, थोडं तसंच. ती त्याच्या समोर उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"झाली ओळ," ती म्हणाली. "दोन दिवसांत निघेल. अख्खा."

"आणि तुझं?"

"मी उद्यापासून आत. पाद्रिन्योंनी हो म्हटलंय. नसतं म्हटलं तरी गेले असते."

त्याने मान हलवली. ती त्याच्या शेजारी बसली, मग लक्षात आलं की शेजारून त्याला काही दिसणार नाही, म्हणून पुन्हा समोर येऊन मातीतच बसली. "बाबा, मी बोलायला नको होतं का? तुम्ही मला रागवा. पण गप्प बसू नका."

"राग?" वालमोर म्हणाला. त्याने डबा बाजूला ठेवला. "दोन वर्षं, झेना. रोज सकाळी बोगद्यात शिरताना मला एकच वाटायचं. आज छत बोलेल. मला ऐकू येणार नाही. तुला येईल. आणि तू मला टाकून पळणार नाहीस." त्याने हातावरचा खडू पुसला. "रोज वाटायचं, आज सांगून टाकू. आणि रोज आत जायचो. तुला घेऊन जायचो. कोंबड्या राखायची लाज वाटत होती म्हणून पोटची पोर मागे उभी करायचो. असला बाप."

 झेनाइदेने हे कधी असं बघितलंच नव्हतं. दोन वर्षं तिला वाटत होतं, आपण बापाला सांभाळतोय.

"आज झोप लागेल मला," वालमोर म्हणाला आणि उठला. गुडघ्यांवर हात टेकत उठला, पँटची धूळ झटकली. "उद्या आत जाशील तेव्हा वळणापाशी थांबायचं आणि आधी छत ऐकायचं. दगड नंतर. कुणाच्याही मागे उभं राहायचं नाही. कळलं?"

"कळलं."

ते त्याला कळलं नाही, कारण ती रडत होती आणि तिने मान खाली घातली होती. तो तिची हनुवटी वर उचलून उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा सांग."